जुळ्या बहिणीचा चक

मित्रांनो, मला जुना म्हणावं तर माझं निम्मं अंग माझ्या मागाहून आलेलं आहे, आणि नवा म्हणावं तर पायांना गंज चढलाय. मी एक लेथ आहे, लाकूड कातणारा. तुम्ही भोवरा फिरवला असेल, जिन्याच्या कठड्यावरून घसरला असाल, अंधारात खुर्चीच्या गोल पायावर करंगळी आपटून कळवळला असाल. ती गोलाई आमच्याकडून येते. लाकडाचा ठोकळा आम्ही गरगर फिरवतो आणि माणूस त्याला पटाशी लावतो. फिरणं आमचं, धार पटाशीची आणि नाव माणसाचं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मी स्वस्तातला आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. आमच्या कारखान्यात घाई फार. अंगावरचा रंग वाळायच्या आत आम्हाला खोक्यात कोंबायचे. बाहेर आलो तो एका शिंप्याच्या घरी. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, त्यात त्याचं शिलाई मशीन. मागच्या खोलीत एक उंच खिडकी, सिमेंटची जमीन, आणि भिंतीला टेकून लाकडाच्या ओंडक्यांची उतरंड. ती खोली त्याच्या बायकोची. कातकाम करणारी ती. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो.

मला जोडलं मात्र शिंप्याने. बायकोला भारी कौतुक वाटेल म्हणून ती बाहेर गेलेली असताना त्याने घाट घातला. सगळं जोडून झालं आणि एक स्क्रू उरला.

"शोभेचा असेल," म्हणून त्याने तो टाचण्यांच्या डबीत टाकला.

बाई आली, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डबीत बोट घातलं. "अहो, शोभेचा स्क्रू असतो का कधी? मोटर निखळून पडली असती पायावर."

"तुझ्या पायावर ना," तो म्हणाला. "मी पुढच्या खोलीत असतो."

अशी ती दोघं. दिवसभर त्यांची मस्करी चाले, आणि शिलाई मशीनची टकटक आणि माझी घरघर यांच्यामधून ती एकमेकांना नेमकी ऐकू जाई.

माझ्यात एक खोट होती. मला कापरं होतं. वेग वाढला की मी नखशिखांत थरथरायचो आणि टेबलावरून चालायलाच लागायचो. बाईने वाळूची पिशवी शिवून घेतली आणि माझ्या पायांवर ठेवली. वर म्हणाली, "थरथरतोस तर थरथर, पण जागेवर." त्या दिवसापासून मी तिचा झालो. खुर्च्यांचे पाय, दारांच्या मुठी, पेट्यांची बोंडं, वाडगे. तिच्या हाताखाली मी किती लाकूड फिरवलं याची गणतीच नाही. लोक वस्तू हातात घेऊन कौतुक करत आणि बाई माझ्याकडे मान वळवून म्हणे, "याचं काम." असं म्हणणारी माणसं थोडी असतात.

कामाने माणूस झिजतो तसा मीही झिजलो. पट्टा सैल झाला. पटाशी टेकवायची ती लोखंडी आडवी पट्टी, तिला आम्ही टेकू म्हणतो, ती वाकली. लाकडाचं दुसरं टोक धरून ठेवणारी अणी बोथट झाली. बाई भाग आणायला गेली तेव्हा हार्डवेअरवाल्याने हात वर केले. "या मॉडेलचं ओरिजिनल बंद झालं, बाई. जुळणारं देतो."

हा शब्द नीट ऐका, मित्रांनो. जुळणारं. म्हणजे केलं दुसऱ्याने, दुसऱ्याच कुणासाठी. पण तुमच्या अंगावर बसेल. वाईट नसतं ते. नवा पट्टा आला तेव्हा आठवडाभर परक्याच्या चपला घातल्यासारखं वाटलं, मग अंगवळणी पडलं. बाई प्रत्येक भाग हातात घेऊन फिरवून बघे, कुठे कानस लावे, कुठे पत्र्याची पातळ चकती सरकवे. शेवटची चावी आवळली की पुढच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणे, "जुळलं!" आणि तिकडून शिंपी विचारे, "पत्रिका?"

आता मला तिच्या बहिणीबद्दल सांगायला हवं. सांगताना माझी जीभ अडखळते, म्हणजे असती तर अडखळली असती.

बाईला जुळी बहीण होती. चेहरा एकच, आवाज एकच. फरक एवढाच, की आरशात पाहावं तसा. ही उजवी, ती डावखुरी. हिचा भांग एका बाजूला, तिचा दुसऱ्या. कातकाम दोघी वडिलांकडे शिकल्या. लग्नानंतर बहीण दुसऱ्या गावी गेली आणि तिने तिथे आपला लेथ घेतला. माझ्यापेक्षा थोराड, चांगल्या घरचा. आम्ही लेथ साधारणपणे एकाच बाजूला फिरतो. माणूस पुढे उभा असतो आणि लाकूड वरून खाली, त्याच्याकडे येतं. डावखुऱ्या बहिणीला ते जमेना. म्हणून तिने सगळंच उलटं केलं. मशीन भिंतीपासून ओढून ती त्याच्या पाठीमागे उभी राही आणि ते उलटं फिरवी. तिच्या मशीनच्या बटणाला दोन बाजू होत्या, सुलट आणि उलट. माझं बटण साधं. चालू आणि बंद.

दोघींचं सगळं एकमेकींना होई. चपला, चष्मा, स्वेटर. शिंपी दोघींचे कोट एकाच मापावर शिवी. फोन तर रोजचा. एकीने नवा भाग बसवला की ती फोन मशीनजवळ धरी आणि विचारी, "ऐक, कसा येतोय आवाज?" माझी घरघर अशी किती वेळा त्या बहिणीच्या कानात गेली असेल! मलाही तिच्या लेथचा आवाज ऐकू येई. संथ, खोल. मला त्याचा हेवा वाटे.

मग ती बहीण आजारी पडली आणि गेली. इतकं झटकन, की बाईने कातायला घेतलेला खुर्चीचा पाय अजून माझ्यात अडकलेला होता. बाई बहिणीच्या गावाहून परत आली, तिने तो पाय तसाच राहू दिला आणि माझ्यावर चादर टाकली. कितीतरी दिवस ती खोलीत येई, ओंडक्यावर बसे आणि उठून जाई. शिंपी पुढे मशीन चालवी आणि मधेच थांबून कान देई.

एके सकाळी बहिणीचा नवरा एक जड खोकं घेऊन आला. उभ्या उभ्याच बोलला.

"घर रिकामं करतोय. मोठ्या मशीनचा सांगाडा एकाने नेला. पण त्यावरून उतरवलेलं हे सुटं सामान त्याला द्यावंसं वाटेना. तुझ्या मशीनला जुळतंय का बघ, नाहीतर भंगारात जाईल."

"भंगारात कशाला जाईल, भावोजी?" बाई म्हणाली. "आमचं सगळं जुळतं."

"वर चक आहे. त्यातला वाडगा मी काढलेला नाही. तिने शेवटचा लावलेला. मला..." त्याने हाताने काहीतरी केलं आणि वाक्य सोडून दिलं. चहासुद्धा न घेता गेला.

चक म्हणजे आमचा पंजा. लोखंडाचा, जड, त्याला चार जबडे. ते आवळले की लाकूड घट्ट धरतात आणि मग आम्ही चकासकट त्याला फिरवतो. बहिणीच्या चकाने अर्धा कातलेला वाडगा धरून ठेवला होता. बाहेरून गोल झालेला, आतून अजून भरीव. त्याच्या अंगावरच्या पटाशीच्या रेषा उलट्या दिशेने गेल्या होत्या. बाई बराच वेळ त्यांवरून बोट फिरवत राहिली. मग तिने माझ्या अंगावरची चादर काढली, खुर्चीचा पाय सोडवला आणि माझी मोटर जो लोखंडी दांडा फिरवते, त्यावर चक चढवला.

आटे असे बसले, जणू दोघं एकाच दिवशी घडलो होतो. ना कानस लागली, ना चकती. शेवटचा वेढा बसला आणि माझ्या अंगातून थंड काहीतरी सरकत गेलं. आणि त्याच क्षणी मला एक गोष्ट कळली, जी बाईला माहीत नव्हती. ती तुम्हाला आत्ताच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

चक दांड्यावर आट्यांनी बसतो. बाटलीचं झाकण जसं. सुलट फिरलं की आवळत जातं, उलट फिरलं की सुटतं. बहीण तर लेथ उलटाच चालवायची, मग तिचा चक का सुटत नसे? कारण तिच्या मशीनच्या दांड्याला एक खोल खाच होती. चकाच्या मानेतला एक बारीक स्क्रू त्या खाचेत जाऊन बसे आणि चकाला धरून ठेवी. माझा दांडा सपाट, गुळगुळीत. स्वस्तातल्याला खाच कोण पाडत बसतंय? बाईने तो स्क्रू आवळला. तो माझ्या दांड्यावर नुसता घासला आणि टेकला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, घट्ट बसला. त्या चकावर मला जर कुणी उलटं फिरवलं असतं, तर एवढं जड लोखंड वाडग्यासकट सुटून पाठीमागच्या माणसावर गेलं असतं. छातीवर किंवा तोंडावर.

"जुळलं," बाई म्हणाली. पण या वेळी इतक्या हळू, की पुढच्या खोलीतून काही उत्तर आलं नाही.

त्या दिवशी तिने तो उतरवला आणि वाडग्यासकट समोरच्या फळीवर ठेवला, तोंड माझ्याकडे करून. मी स्वतःची समजूत काढली. माझ्या बटणाला दुसरी बाजूच नव्हती, तेव्हा उलटं फिरण्याचा प्रश्नच कुठे येतो?

मग एकेक भाग येऊ लागला. माझी जुळवलेली अणी काढून बहिणीची बसवली. माझा टेकू काढून तिचा बसवला. त्याच्या डाव्या बाजूला पटाशीने पाडलेल्या बारीक खळ्या होत्या. दांड्याच्या मागच्या टोकाला हाताने फिरवायचं चाक असतं, तेही तिचं आलं. सगळं पहिल्या फटक्यात बसत होतं. माझे काढलेले भाग बाईने दुसऱ्या एका खोक्यात टाकले आणि खोकं टेबलाखाली सरकवलं.

मित्रांनो, माझं कापरं थांबलं. वाळूची पिशवी उचलली तरी मी हललो नाही. आवाज संथ झाला, खोल झाला. आयुष्यभर ज्याचा हेवा केला तो आवाज माझ्या पोटातून येत होता आणि मला त्याचीच भीती वाटत होती. कारण त्याबरोबर दुसरंही काही येत होतं. आमच्या खोलीची खिडकी उजवीकडे आहे. मला आता डावीकडून ऊन लागे. बाई सागवान कातत असे आणि मला वेगळ्याच, गोडसर लाकडाचा वास येई. कुणीतरी अगदी जवळ खोकल्याचं ऐकू येई, आणि बाई तर पटाशीला धार लावायला बाहेर गेलेली असे. एकदा दुपारी खोलीत कुणी नव्हतं आणि मी बाईची वाट पाहत होते.

पाहत होतो. मला होतो म्हणायचं होतं. पण त्या दुपारी मनात आलं ते तसंच आलं, बाईमाणसासारखं, आणि माझ्या अंगावर काटा आला.

दवाखान्याच्या बाकासाठी पाय करून घेणारं एक गिऱ्हाईक होतं. नेहमीचा माणूस. तो पाय न्यायला आला आणि एक उचलून खिडकीकडे धरला.

"या वेळी मानेपाशी हे बारीक कडं घातलंत, बाई. झकास दिसतंय."

"कुठलं कडं?"

"हे काय. सगळ्या पायांना आहे की."

बाईने पाय हातात घेतला. कडं होतं, दोऱ्याएवढं बारीक, नितळ. तिची बहीण प्रत्येक कामावर घालत असे तसं. बाईने ते कधीच घातलं नव्हतं. ती म्हणायची, नटवेपणा कशाला. गिऱ्हाईक गेल्यावर तिने आपला उजवा हात उघडून पाहिला. मग डावा. पटाशी तिने कुठल्या हाताने धरली होती ते तिला आठवेना. मला आठवत होतं.

त्यानंतर तिने मला भिंतीपासून ओढलं. माझ्या आणि भिंतीच्या मध्ये एका माणसापुरती जागा झाली. तिथे ती जाऊन उभी राही, मशीन बंद असताना. नुसती उभी. एक दिवस तिने फोन घेतला, नंबर लावला, मला चालू केलं आणि फोन माझ्याजवळ धरला, पूर्वी धरायची तसा. मग तो कानाला लावला आणि ऐकत राहिली. मान हलवली. "हो का?" म्हणाली. "बरं."

शिंपी दारात उभा होता. गळ्यात टेप, हातात कुणाचीतरी बाही. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"कुणाचा फोन गं?"

"तिचा."

"अगं, तो नंबर बंद झाला. भावोजींनी बंद केला."

"आवाज बरा येतोय म्हणाली. आता उलटं फिरव म्हणाली. वाडगा पुरा कर."

त्याने फोन तिच्या हातातून घेतला आणि कानाला लावला. मला पलीकडचं काही ऐकू आलं नाही. पण त्याने तो खाली ठेवला आणि हातातली बाही त्याच्यावर झाकली. त्याने काय ऐकलं हे त्याने तिला सांगितलं नाही, आणि मलाही ते आजवर माहीत नाही.

भावोजींनी आणलेल्या खोक्याच्या तळाशी बहिणीच्या मशीनचं बटण होतं. सुलट आणि उलट. बाईने वायरमनला बोलावलं. त्याने माझं साधं बटण उपटलं, वायरी सोलल्या, ओढल्या, गुंडाळल्या. "जुळतंय," तो पटकन म्हणाला. "सगळं तेच आहे. दोन्ही बाजूंना फिरेल आता." आणि सामान आवरून निघून गेला. माझ्याकडे तोंड असतं तर मी किंचाळलो असतो.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी तिने फळीवरून चक उतरवला आणि माझ्या दांड्यावर चढवला. मानेतला स्क्रू आवळला. तो पुन्हा गुळगुळीत लोखंडावर घासला आणि टेकला. पलीकडच्या जागेत जाऊन तिने टेकू लावून बघितला, पटाश्या डाव्या हाताला मांडल्या. मग हाक आली म्हणून ती जेवायला गेली.

खोलीत ऊन होतं. खिडकी लावलेली, वारा नाही. भिंतीतला माझा प्लग काढून ठेवलेला. तरीही चक फिरला.

हळूच, उलट्या दिशेने. माझा दांडा जागचा हललाही नाही. आटा आट्यावरून सरकताना मला जाणवला. चक थोडा सुटला आणि थांबला. त्याच्या आणि माझ्यामध्ये केसाएवढी फट पडली होती. मला काहीच उमजेना. बहीण बाईला ओढून न्यायला निघाली आहे, की मला काही दाखवते आहे? माझ्यातलं जे तिचं होतं ते गप्प होतं. आणि मित्रांनो, खरं सांगतो, मलाही उलटं फिरावंसं वाटत होतं. उलटं फिरत फिरत त्या दिवसापर्यंत जावं, जेव्हा दोन्हीकडून फोन धरले जायचे. त्या क्षणी मला बाईचा जीव आणि ती इच्छा यांत फरक करता येईना. मला अजून त्याची धास्ती वाटते.

बाई हात पुसत आली. ओठ मिटलेले. प्लग लावला. माझ्या पाठीमागे जाऊन उभी राहिली, चेहरा वाडग्याच्या अगदी समोर. बटण उलट्या बाजूला दाबायला तिने हात लांब केला आणि शिंपी धावत आत आला.

"थांब!"

"अहो, काय झालं?"

"काही नाही. थांब फक्त." त्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. त्याला खाचेचं माहीत नव्हतं, आट्यांचं माहीत नव्हतं. त्याने जे हाताला आलं ते धरलं, आणि हाताला आलं ते मागचं चाक. दोन्ही हातांनी त्याने ते घट्ट पकडून ठेवलं. "तू तिकडे का उभी आहेस? ती तुझी जागा आहे का?"

"तिचं तिच्यासारखंच पुरं करायला हवं."

"का?"

"आमचं सगळं एक होतं म्हणून. तुम्हाला नाही कळणार. तुम्हीच तर एका मापावर शिवायचात."

"शिवायचो," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "माप एक होतं गं. अंग एक नव्हतं. तिचा डावा खांदा उतरता होता. मी दर वेळी आतून अस्तर वेगळं घालायचो. तुम्हा दोघींना कधी बोललो नाही, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला राग आला. एवढा राग मी तिच्यात पाहिला नव्हता.

"खोटं बोलताय. चाक सोडा."

"नाही सोडणार."

"सोडा म्हणते ना!" तिने दोन्ही हातांनी चक पकडला आणि जोरात आपल्याकडे ओढला, त्याच्या हातातून चाक सुटावं म्हणून. चाक सुटलं नाही. दांडा हलला नाही. चक मात्र फिरला. काही अडलं नाही, काही कुरकुरलं नाही. तो फिरत गेला आणि शेवटच्या आट्यावरून अलगद तिच्या हातात आला.

ती त्या वजनाने खालीच बसली. मांडीवर चक, चकात वाडगा. स्क्रूने माझ्या दांड्यावर ओढलेली चकचकीत रेघ तिच्या डोळ्यांसमोर होती. ती कसलेली कारागीर. तिला एका नजरेत सगळं कळलं. बटण दाबलं असतं तर काय झालं असतं, ते तिने मनात पुरतं पाहिलं असावं, कारण तिने एक हात उचलून स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवला.

"खाच नाहीये," ती म्हणाली. "याला खाच नाहीये. मी पाहिलंच नाही. तिचं आहे म्हटल्यावर मी पाहिलंच नाही."

शिंप्याला अर्थ कळला नसावा, पण त्याने चाक अजूनही धरून ठेवलं होतं.

"अहो, ती मला न्यायला आली होती का?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण मी सोडणार नव्हतो."

तेव्हा ती रडली. बहीण गेल्यापासून पहिल्यांदा. चक पोटाशी धरून, माझ्या मागच्या त्या चिंचोळ्या जागेत बसून ती मोठमोठ्याने रडली, आणि तो माझ्यावरून वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. माझी लोखंडी कड त्याच्या पोटात टोचत असणार. तो हलला नाही.

संध्याकाळच्या आत बहिणीचे भाग निघाले. टेबलाखालचं खोकं ओढून माझे वाकडे, बोथट, जुळवलेले भाग पुन्हा लागले. मला चालू केलं आणि मी नखशिखांत थरथरलो. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. बटण तेवढं राहिलं, कारण माझं वायरमनने मोडून टाकलं होतं. शिंप्याने जाड कापडाची टोपी शिवून त्याच्या उलट्या बाजूवर चढवली आणि कडेने दुहेरी टीप मारली. वाडगा चकातच आहे. तो कुणी पुरा केला नाही. कधी कधी बाई त्यात फळं ठेवायचा प्रयत्न करते; भरीव असल्याने ती घरंगळतात, आणि ती हसते.

आता तुम्हाला जे सांगायचं ते, मित्रांनो. आमची काळजी घ्या. पट्टा सैल झाला तर बदला, गंज चढला तर पुसा, आणि जुळणारा भाग खुशाल लावा. त्यात कमीपणा नाही. पण आटे बसले एवढ्यावर विसंबू नका. आत बोट घालून बघा. जे आपल्या फार लाडक्या माणसाचं असेल, ते तर जास्तच बघा, कारण तेच आपण तपासत नाही.

आणि एक. बाईने मला परत भिंतीला लावलेलं नाही. मी आता सुलट फिरतो, तेव्हा भुसा आणि ढलप्या सगळ्या पुढे पडतात, पण बारीक धूळ उडते ती खोलीभर बसते. ओंडक्यांवर, फळीवर, माझ्या पाठीमागच्या जमिनीवरही. तिथे मात्र दोन पावलांएवढी जागा रोज स्वच्छ राहते. पहिल्यांदा दिसली तेव्हा शिंप्याने झाडू उचलला. बाईने त्याचा हात धरला.

"असू द्या," ती म्हणाली. "ती तिकडे. मी इकडे."

आणि पटाशी उजव्या हातात घेऊन तिने मला सुलट चालू केलं. तुम्ही कधी मला बघायला जरूर या, हात लावा, फिरवून बघा. फक्त पुढून या. मागे उभं राहायला जागा नाही.